आण्णांचं डिस्चार्ज बुक आणि मोठ्या साहेबांचा उजवा बूट

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं. वाळवा तालुक्यात नदीकाठाला आमचं गाव. आई-आण्णांना बोटीतून काढलं, ते आठ दिवस बहिणीकडे राहिले. पाणी उतरल्यावर मी पुण्याहून गेले तेव्हा आण्णा अंगणात आपली काळी लोखंडी ट्रंक उघडी टाकून बसले होते. आत गाळ. त्या गाळातून त्यांनी दोन पदकं काढून धोतराच्या सोग्यानं पुसून ठेवली होती. डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं पुस्तक, मात्र हातात घेतलं आणि भाकरीच्या ओल्या पिठासारखं सुटलं. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. दोरीवर वाळत घातलं, वरून पंखा लावला, पण काही वाचता येईना.

त्या पुस्तकात एक चिठ्ठीही होती. बोटभर लांबीची, पेन्सिलनं लिहिलेली. लहानपणी ती मी कितीदा तरी पाहिली होती. त्यावर तीन ओळी होत्या: मोठे साहेब. उजवा. अर्धा सोल. ती चिठ्ठी गाळात कुठे गेली ते कळलंच नाही. आण्णा तेव्हा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र आईला म्हणाले, "चिट्टी बी गेली गं."

आण्णा १९६८ ते १९८५ सैन्यात होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. ते रायफल घेऊन लढले नाहीत. ते पलटणीचे मोची. सैन्याच्या कागदावर त्याला ईबीआर म्हणतात, म्हणजे सामान आणि बूट दुरुस्त करणारा. १९७१च्या युद्धात ते पलटणीबरोबर पूर्व पाकिस्तानात गेले, आणि तिथे एका जनरल साहेबांशी त्यांची गाठ पडली. घरात ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली होती. माझा भाऊ शाळेत सांगताना ते जनरल म्हणजे माणेकशॉ होते असं ठोकून द्यायचा. आण्णांनी स्वतः कधी नाव घेतलं नाही. ते फक्त "मोठे साहेब" म्हणायचे.

डिस्चार्ज बुकाची दुसरी प्रत मिळवायला मला पुढे सात महिन्यांहून जास्त काळ लागला, आणि त्याच धावपळीत ही गोष्ट नीट लिहून काढायचं ठरलं. ज्यांच्या घरात असे भिजलेले, हरवलेले कागद आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं क्रमानं सांगते.

पूर आला, मग कोविड आला. २०२२च्या दिवाळीत आण्णांच्या वैद्यकीय कार्डाचं काम निघालं आणि तिथे डिस्चार्ज बुकाची प्रत मागितली. पेन्शन चालू होती, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश होता, आधार होतं. पण सैन्यातून कधी, कोणत्या हुद्द्यावरून आणि कशासाठी बाहेर पडलात हे त्या पुस्तकातच असतं. गावातले एक निवृत्त सुभेदार साहेब म्हणाले, "ताई, आधी इकडंतिकडं पळू नका. सांगलीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावा, तिथनं दिशा मिळंल." हा सल्ला सोन्यासारखा होता. तुमच्या जिल्ह्यातही हे कार्यालय असतं. तिथे माजी सैनिकाची नोंदणी असेल तर निम्मं काम तिथेच होतं, कारण नंबर, हुद्दा, पलटण आणि भरतीची तारीख त्यांच्या रजिस्टरमध्ये सापडते.

९ जानेवारी २०२३ला आम्ही सांगलीला गेलो. आण्णांना वयाच्या ७४व्या वर्षी नातवंडांची नावं कधीकधी उलटसुलट होतात, पण आर्मी नंबर विचारल्यावर ते खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि एका दमात म्हणाले. समोरच्या साहेबांनी हसून "बसा, काका, बसा" म्हटलं. तुमच्या घरी माजी सैनिक असतील तर आजच हा नंबर तीन ठिकाणी लिहून ठेवा. बाकीचे सगळे कागद त्या एका नंबरावरून परत उभे करता येतात.

आम्हाला यादी मिळाली: पोलिसांचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पीपीओची प्रत, आधार, बँकेचं पासबुक, फोटो आणि रेकॉर्ड ऑफिसच्या नावे अर्ज. ज्या रेजिमेंटमधून माणूस निवृत्त झाला तिचं रेकॉर्ड ऑफिस हे काम करतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, रेजिमेंटच्या सेंटरजवळच.

पोलिसांच्या दाखल्यात मी अडकले. तिथे छापील नमुना "हरवले" असा. आमचं पुस्तक हरवलं नव्हतं, भिजून गेलं होतं. एका ठिकाणी मला सांगितलं, "हरवलं म्हणून लिहा, काय फरक पडतो?" आण्णांनी ऐकलं नाही. म्हणाले, "मी सतरा वर्षं एक बी कागुद हरवला न्हाई. पाण्यानं गेलं ते पाण्यानं गेलं म्हणून लिवा." दोन फेऱ्या जास्तीच्या झाल्या. शेवटी २०१९च्या पंचनाम्याची प्रत तलाठ्यांकडून आणली, ती जोडली, आणि "महापुरात भिजून नष्ट" असा दाखला मिळाला. पुढे याचा फायदाच झाला, कारण प्रतिज्ञापत्रात, अर्जात आणि दाखल्यात एकच कारण, एकच तारीख होती. पुराच्या पंचनाम्याची प्रत फेकू नका. घराच्या भरपाईपुरताच तो कागद असतो असं आपल्याला वाटतं, तसं नाही.

प्रतिज्ञापत्र आणि नोटरीला ३५० रुपये गेले. झेरॉक्स, फोटो, सांगलीच्या चार फेऱ्या धरून तोवर साधारण १,४०० रुपये खर्च झाला होता. ६ मार्च २०२३ला सगळा गठ्ठा स्पीड पोस्टानं बेळगावला पाठवला. पावतीचा फोटो काढून ठेवला, अर्जाची एक प्रतही स्वतःकडे ठेवली.

मग वाट पाहणं. आण्णा रोज अकरा वाजता ओट्यावर येऊन बसायचे, पोस्टमनची सायकल वळणावर दिसेपर्यंत. मी फोन केला की पहिला प्रश्न, "बेळगावचं काय?" २४ एप्रिलला उत्तर आलं, ४९ दिवसांनी. अर्जावर आण्णांची सही होती आणि पासबुकावर अंगठा, दोन्हींचा मेळ बसत नव्हता. चूक माझीच होती, पाठवण्याआधी ताडून पाहायला हवं होतं. पासबुक काढलं तेव्हा आण्णांच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून अंगठा. बँकेत सही नव्यानं नोंदवून घेतली आणि यावेळी पोस्टानं न पाठवता स्वतः बेळगावला जायचं ठरवलं.

१२ जून २०२३, सोमवार. मिरजेहून सकाळच्या गाडीनं निघालो. आण्णांनी आदल्या दिवशी बूट काढले. काळे, जुने, त्यांनीच दोनदा सोल बदललेले. तासभर बसून पॉलिश केली. गाडीत घटप्रभेनंतर ते खिडकीकडे सरकले आणि बेळगाव येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

गेटवर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते, मोबाईल जमा करावा लागतो. माजी सैनिकाबरोबर घरचं एक माणूस जाऊ शकतं, पण त्याचंही ओळखपत्र लागतं, ते मूळ प्रतीत ठेवा. गेटवरचा जवान वीस-बावीस वर्षांचा असेल. त्यानं आण्णांना "राम राम, साहेब" केलं. आण्णांनी राम राम घातला आणि सवयीनं त्याच्या बुटांकडे पाहिलं. म्हणाले, "डाव्या बुटाचा शिवन सुटाय लागलाय बघ. पाऊस यायच्या आत टाका मार." पोरानं खाली पाहिलं. खरंच शिवण उसवत आली होती.

रेकॉर्ड ऑफिसात आमच्या फाइलवर काम करणाऱ्या हवालदार साहेबांनी आण्णांना खुर्ची दिली, चहा सांगितला. सैनिकांच्या मूळ नोंदींचं एक रजिस्टर असतं, त्याला लाँग रोल म्हणतात. इतर कागद मुदतीनंतर नष्ट होतात, लाँग रोल कायम जपतात. म्हणून "एवढ्या वर्षांपूर्वीचं आता काय मिळणार" म्हणून गप्प बसू नका. आण्णांची ओळ सापडली. भरतीची तारीख, ट्रेड, पलटण, निवृत्तीची तारीख, आणि पदकांच्या रकान्यात पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल. पूर्वी स्टार म्हणजे १९७१ला पूर्वेच्या आघाडीवर होते याची खूण. हवालदार साहेबांनी बोट ठेवून वाचून दाखवलं तेव्हा आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काका, एकाहत्तरला कुठं होता?" साहेबांनी विचारलं.

"जमालपूर. मग टांगाईल. मग ढाका."

आणि आण्णांनी तिथेच, फाइलींच्या कपाटांमध्ये बसून, मोठ्या साहेबांची गोष्ट सांगितली. चहा देणारा मुलगाही थांबून ऐकत होता. गोष्ट संपली तेव्हा एक निवृत्त सुभेदार, जे दुसऱ्याच कामाला आले होते, म्हणाले, "काका, हे कुणी लिहून घेतलंय का?" मी खाली मान घातली. मी बँकेत नोकरी करते, रोज शेकडो लोकांच्या सह्या तपासते, आणि बापाची गोष्ट एका कागदावर उतरवलेली नव्हती. तेच सुभेदार साहेब पलटणीच्या जुन्या लोकांच्या गटात निरोप टाकतो म्हणाले. तो निरोप पुढे फार कामाला आला.

परत येताना मी ठरवलं, दर शनिवारी-रविवारी गावी यायचं आणि आण्णांचं बोलणं मोबाईलवर टिपायचं.

पहिले दोन प्रयत्न फसले. मोबाईल समोर ठेवून "आण्णा, युद्धाचं सांगा" म्हटलं की ते सरळ बसायचे आणि सुभेदारासमोर हजेरी दिल्यासारखे तीन वाक्यांत संपवायचे. गेलो, लढाई झाली, जिंकलो. तिसऱ्या रविवारी मी आईच्या सांगण्यावरून त्यांची जुनी रापी, आरी, हातोडी आणि मेणाचा दोरा काढला आणि नवऱ्याचा एक फाटका बूट समोर ठेवला. आण्णांनी बूट उचलला, वाकवला, टाच अंगठ्यानं दाबून पाहिली. मग दोऱ्याला मेण लावता लावता बोलायला लागले ते दोन तास थांबले नाहीत. हातात काम असलं की त्यांच्या तोंडाला आठवण येते. तुमच्याकडच्या माणसाच्या हातात काय द्यायचं ते तुम्हालाच ठाऊक असणार. पण नुसते प्रश्न विचारू नका. आणि सकाळी टिपा, संध्याकाळी आवाज थकतो.

आता ती गोष्ट, जशी टिपली तशी. थोडी माझ्या शब्दांत, कारण रेकॉर्डिंगमध्ये हातोडीचे ठोके फार आहेत.

डिसेंबर १९७१. पलटण ९५ माउंटन ब्रिगेडबरोबर उत्तरेकडून आत गेली. ब्रह्मपुत्रेपाशी पोचेपर्यंत निम्म्या कंपनीचे बूट गेले होते. शेतातला चिखल, पाणी, परत चिखल. आण्णा म्हणतात, "चामडं पान्यात भिजतंय आनि उनात सुकतंय, दोन येळा आसं झालं की सोल जीभ काढतोय." गाड्या मागे राहिल्या. आण्णांनी अवजारांची पिशवी गळ्यात अडकवली आणि जवानांबरोबर नावेतून नदी ओलांडली. पिशवीत दोन पौंड चुका होत्या, म्हणजे सोलाला मारायचे बारीक खिळे. नाव हलली की त्या वाजायच्या. कुणीतरी दबक्या आवाजात शिवी घातली, म्हणून सगळी रात्र ते पिशवी पोटाशी धरून बसले.

पलटण जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन रस्ता अडवून बसली. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण होती. आपल्या ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर साहेबांनी शरण या म्हणून पत्र धाडलं, तर तिथल्या कर्नल सुलतान अहमदांनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. हा प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे, पण आण्णांना तो तेव्हाच, लांगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, डाळीच्या रांगेत कळला होता. १० डिसेंबरच्या रात्री बलुचांनी पलटणीची फळी फोडून निसटायचा प्रयत्न केला. त्या रात्रीबद्दल आण्णा कमी बोलतात. एवढंच म्हणाले, "सकाळी बूट लई होतं. मानसं न्हवती." मी पुढे विचारलं नाही.

११ला जमालपूर पडलं. त्याच संध्याकाळी टांगाईलजवळ आपल्या २ पॅराच्या जवानांनी विमानातून उड्या घेतल्या आणि पुंगलीचा पूल धरला. १२च्या संध्याकाळी पहिली मराठा, म्हणजे आण्णांची पलटण, त्यांना जाऊन मिळाली. २ पॅरा ही मुळातली तिसरी मराठा, त्यामुळे अंधारात पुलाच्या दोन्ही बाजूंनी मराठीत हाका आल्या असं आण्णा सांगतात, आणि हे सांगताना दरवेळी त्यांचा हात थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हलायच्या आधी आण्णांनी रस्त्याकडेच्या एका झाडाखाली दुकान मांडलं. दारूगोळ्याची रिकामी पेटी, त्यावर बूट, समोर रांग. नियम एकच. बूट काढायचा, हातात धरायचा, नंबर आला की द्यायचा. आण्णा चिठ्ठीवर नाव, कंपनी आणि काम लिहिणार, निम्मी चिठ्ठी बुटाला बांधणार, निम्मी माणसाला. धुकं होतं. सगळे अंगावर कांबळी घेऊन बसलेले.

"मी कुनाचं त्वांड बघतोय? मला नुसतं बूट दिसत्यात."

असा एक उजवा बूट समोर आला. चिखलानं लडबडलेला, सोल पुढून उघडलेला, टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली. आण्णांनी तो उलटा केला आणि सुनावलं, "बूट हाय का मोरी? धुऊन आनायला काय झालं? सगळ्यांनी धुऊन आनलं." बूट घेऊन आलेल्या माणसानं मुकाट्यानं बूट परत घेतला, शेजारच्या डबक्यात धुतला आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसला. रांग अगदी शांत झाली होती. आण्णांना वाटलं, आपला दरारा.

नंबर परत आला. आण्णांनी पेन्सिल ओली केली, खाली मान घालूनच विचारलं, "नाव बोला. कंपनी बोला."

कुणी बोलेना. मग रांगेतून एक दाबलेलं हसू फुटलं, आणि आण्णांनी वर पाहिलं. समोरच्या माणसाच्या खांद्यावरचं कांबळं सरकलं होतं. खांद्यावर एकमेकांवर आडवी तलवार आणि दंडुका, वर एक चांदणी. मागे सुभेदार साहेब उभे, चेहरा तांब्यासारखा लाल.

"मग साहेब काय बोलले, आण्णा?"

"त्येच तर. कायतरी बोलले, हसून बोलले, सगळी रांग हसली. मला ऐकूच आलं न्हाई. कानात नुसती शिट्टी वाजत हुती."

बावन्न वर्षं आमच्या घरात या प्रश्नावर गोष्ट थांबायची. आण्णांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं नाही, कारण परत विचारायची छाती नव्हती. लिहिलं, मोठे साहेब. उजवा. अर्धा सोल.

ते मोठे साहेब कोण, हे मी शोधायला बसले. माणेकशॉ नव्हते. ते लष्करप्रमुख, पूर्ण जनरल, आणि त्या दिवसांत दिल्लीहून युद्ध चालवत होते. पूर्वेच्या आघाडीचे प्रमुख अरोरा साहेब लेफ्टनंट जनरल, पगडीवाले सरदार, त्यांना आण्णांनी फोटोत लगेच ओळखलं आणि "हे न्हवं" म्हणाले. खांद्यावरची खूण नीट आठवायला लावली. लेफ्टनंट जनरलच्या तलवारीवर अशोकस्तंभाचे सिंह असतात, पूर्ण जनरलच्या खांद्यावर सिंहही असतात आणि चांदणीही. नुसती चांदणी म्हणजे मेजर जनरल. आण्णा खुणेबद्दल ठाम होते, कारण त्या चांदणीकडे ते नजर खाली घेता येईना म्हणून बघत राहिले होते. त्या रस्त्यानं ढाक्याकडे निघालेल्या सगळ्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल गंधर्व नागरा होते. आधीचे जनरल सुरुंगानं जखमी झाल्यावर ते तिथे आले होते. १६ डिसेंबरच्या सकाळी मीरपूरच्या पुलावरून त्यांनीच पूर्व पाकिस्तानातल्या पाकिस्तानी फौजेचे प्रमुख नियाझींना जुन्या ओळखीनं "प्रिय अब्दुल्ला" म्हणत चिठ्ठी धाडली, की मी आलो आहे, खेळ संपला आहे. त्याच दुपारी ढाक्याच्या रमना रेसकोर्सवर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या.

मला मोह झाला. आण्णांच्या चिठ्ठीनंतर तीन दिवसांनी ती चिठ्ठी, किती छान जुळतं! पण आण्णांना मी नागरा साहेबांचं नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असतील. मी इचारलं न्हवतं. जे मी इचारलं न्हाई ते माझ्या तोंडी घालू नगंस." म्हणून लिहिलेल्या मजकुरात फक्त "मेजर जनरल हुद्द्याचे एक साहेब" एवढंच आहे. तुम्ही घरच्या आठवणी लिहाल तेव्हा हा मोह तुम्हालाही होईल. ऐकलेलं आणि ताडलेलं वेगवेगळ्या पानांवर ठेवा. मी शोधलेलं सगळं मी शेवटी माझ्या नावानं जोडलं.

दरम्यान २१ ऑगस्टला बेळगावहून डिस्चार्ज बुकाऐवजीचा दाखला आला, प्रत्यक्ष भेटीनंतर ७० दिवसांनी. एकूण खर्च साधारण ३,१०० रुपये, त्यात बेळगावचा प्रवास आणि जेवण आलं. आण्णांनी दाखला उघडला नाही. देवापुढे ठेवला, मग मला म्हणाले, "वाच." वाचून झाल्यावर मी त्याच्या चार रंगीत प्रती काढल्या, मोबाईलवर स्कॅन केला, एक प्रत पुण्याला ठेवली. ट्रंक आता माळ्यावर आहे.

ऑक्टोबरमध्ये एका अनोळखी नंबरावरून फोन आला. बेळगावच्या सुभेदार साहेबांचा निरोप फिरत फिरत फलटणकडच्या एका आजोबांपर्यंत पोचला होता. ते पलटणीत लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, होते. "मोच्याची पोरगी का तू?" एवढंच विचारून त्यांनी आण्णांना फोन द्यायला सांगितलं. दोघं बोलायला लागले आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले. तासाभरानं आण्णांनी हाक मारून फोन माझ्या हातात दिला.

लांगरी आजोबा त्या सकाळी चहाची किटली घेऊन रांगेशेजारीच उभे होते. त्यांनी जे सांगितलं ते आण्णांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा बूट धुवायला पाठवलं तेव्हाच सगळ्या रांगेनं साहेबांना ओळखलं होतं. उठून सलाम ठोकणार तेवढ्यात साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. बूट दुरुस्त होईपर्यंत त्यांच्या पायात एका पायाला बूट आणि दुसऱ्या पायाला कुणाचा तरी पीटीचा कॅनव्हास जोडा होता, आणि त्याच अवतारात ते रस्त्यावर उभे राहून नकाशा बघत होते. काम झाल्यावर हवालदाराला पाठवलं नाही. स्वतः आले, परत रांगेत उभे राहिले, आपली निम्मी चिठ्ठी दिली आणि बूट घेतला.

"आणि बोलले काय होते ते, आजोबा?"

"आगं, तुझ्या बापानं नाव-कंपनी इचारली तवा? मी किटली घिऊन मागल्या अंगाला हुतो. हिंदीत बोलले. पर माझं सगळं ध्यान त्या कॅनव्हासाकडं."

मी हसले, मग डोळ्यांत पाणी आलं. ते वाक्य आता कुणाकडेच नाही.

आण्णांना विचारलं, कॅनव्हासच्या जोड्याचं तुम्ही कधी का सांगितलं नाही? ते म्हणाले, "साहेबाचा पाय उघडा पडला माझ्या रांगंमुळं. ते काय हसून सांगायचं आसतंय?" पन्नास वर्षं त्यांनी आम्हाला गोष्टीतला तेवढाच भाग दिला ज्यात हसू त्यांच्यावर होतं. हा भाग लिहायचा की नाही ते मी त्यांच्यावर सोडलं. दोन दिवस ते विषय काढेनात. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "लिव. साहेबांनी परत रांग धरली हे लोकांस्नी कळू दे."

नोव्हेंबरभर मी लिहीत होते. बारा तासांचं रेकॉर्डिंग, त्यातून सहा पानं. शब्दशः उतरवायला एका तासाच्या आवाजाला मला चार तास लागले, तेव्हा वेळेचा अंदाज तसा धरा. आण्णांची बोली मी सुधारली नाही. छापायला देणाऱ्या मुलानं "हुतो"चं "होतो" करू का म्हणून विचारलं, त्याला नको म्हटलं. गावांची नावं नकाशावर ताडून घेतली, तारखा लांगरी आजोबांशी बोलून पक्क्या केल्या. एक प्रत गावच्या शाळेला द्यायची आहे, एक बेळगावला पाठवायची आहे.

१६ डिसेंबर २०२३ला, विजय दिवसाच्या सकाळी, मी सहा पानं आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवली. ओट्यावर ऊन होतं. आई तांदूळ निवडत होती. आण्णा डोळे मिटून ऐकत होते, मधून मधून मान हलवत. पुलाच्या हाकांपाशी त्यांनी हात वर केला, मी थांबले, थोड्या वेळानं त्यांनीच "हं" म्हटलं. शेवटच्या पानावर सही करायला पेन दिलं. त्यांनी चष्मा लावला, पान परत मागे उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, अर्ध्या सोलाला पाच चुका मारल्या.

"पाच न्हाई," ते म्हणाले. "सात. पुढं चार, कडंला तीन. सायबाचा पाय जड हुता."

मी पाच खोडून सात केलं. मग त्यांनी सही केली.